लाइनवरचा पुढचा सुपरवायझर कसा ओळखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेच्या गणवेशांचं युनिट, दीडशेच्या आसपास कामगार. वडिलांच्या काळापासून शिलाईची लाइन सांभाळणारे सुपरवायझर पुढच्या दिवाळीला थांबणार आहेत. मालकांच्या मनात तीन नावं आहेत. एक, लाइनवरचा सगळ्यात वेगवान टेलर. दुसरा, डिस्पॅच बघणारा बी.कॉम. झालेला तरुण, जो गिऱ्हाइकांशी फोनवर सफाईनं बोलतो. तिसऱ्या, चेकिंगच्या टेबलावरच्या एक ताई, ज्यांनी विचारल्यावर "मला नको साहेब" म्हणून सांगितलं. यांच्यातला माणसं सांभाळू शकेल असा कोण, हे ओळखायचं कसं, की सरळ बाहेरून अनुभवी माणूस आणायचा?

बाहेरच्या माणसाचा विचार सध्या बाजूला ठेवा. तुमच्या हातात जवळजवळ वर्ष आहे. एवढा वेळ असताना कोणात नेतृत्व आहे याचा अंदाज बांधत बसायचं कारण नाही, ते प्रत्यक्ष बघता येतं. सोलापुरातल्या टॉवेल, गारमेंट आणि कास्टिंगच्या कारखान्यांत माणसं निवडण्याचं आणि घडवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. या कामात माझी नजर एकाच गोष्टीवर असते: या माणसामुळे त्याच्या शेजारच्यांचं काम सुधारतं का? तो स्वतः किती चांगलं काम करतो, हे त्यानंतर.

आधी तुमच्या वेगवान टेलरबद्दल. त्याचा हात चांगला आहे, यात वाद नाही. पण सुपरवायझर झाल्यावर तो हात मशिनवर राहणार नाही. कटिंगकडून बंडल उशिरा आलं तर कोणाला कुठे बसवायचं, काजाचं मशिन बंद पडलं तर माल कुठे वळवायचा, नव्या पोरीकडून तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर तिला कसं सांगायचं, हे त्याचं दिवसभराचं काम होईल. त्यासाठी लागणारे गुण त्याच्यात असतीलही, पण त्याच्या रोजच्या पीसच्या आकड्यात ते दिसत नाहीत. अमेरिकेतल्या शंभराहून अधिक कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपन्या सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्यांना बढती देत होत्या, आणि बढतीआधी ज्यांची विक्री जास्त होती, त्यांच्याच हाताखालच्या लोकांची कामगिरी खाली येत होती. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि तुमच्यासाठी ती जास्त कामाची आहे: ज्यांनी आधी इतरांना सोबत घेऊन विक्री केली होती, ते पुढे व्यवस्थापक म्हणून उजवे ठरले.

आपल्या देशात हा भेद फार आधी मांडला गेलाय. १९७०च्या दशकाच्या मध्यात आयआयएम अहमदाबादचे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची रचना सुचवली. त्या रचनेत झालेल्या कामाचं मूल्यमापन आणि पुढची जबाबदारी पेलण्याच्या क्षमतेचं मूल्यमापन या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या. छोट्या युनिटमध्ये आपण त्या एकत्र करतो, कारण दोन्हींसाठी आपल्याकडे बक्षीस एकच असतं, पद. टेलरच्या हाताचं मोल त्याला दरात आणि बोनसमध्ये द्या. पदाचा निर्णय वेगळा ठेवा.

त्याची एक परीक्षा मात्र आजच घेता येईल. त्याचा खाडा पडतो तेव्हा लाइनचं काय होतं, हे मागच्या सहा महिन्यांच्या हजेरीवरून आणि रोजच्या आकड्यांवरून काढा. तो नसला की कॉलर बसवायचं काम अडून राहत असेल, तर "त्याच्याशिवाय चालत नाही" म्हणून मालक खूश होतात. मला त्यात धोका दिसतो. एवढी वर्षं तो तिथे बसला आणि शेजारच्या दोघांना कॉलर शिकवली नाही, असा त्याचा अर्थ होतो. उलट तो नसतानाही काम थोड्या फरकानं चालू राहत असेल आणि चौकशी केल्यावर "त्यांनीच दाखवलं होतं" असं उत्तर आलं, तर त्याचं नाव यादीत वर घ्या.

त्याच्या बाबतीत पगाराचा पेचही आहे. तो पीस रेटवर, म्हणजे नगामागे ठरलेल्या दरावर असेल तर हंगामात सुपरवायझरच्या ठरावीक पगारापेक्षा जास्त कमावत असणार. अशा माणसानं बढतीला नकार दिला की "याला महत्त्वाकांक्षाच नाही" असा शेरा मारला जातो. घरचा हिशोब करून नकार देणारा माणूस विचारी असतो. वर्षभराची त्याची सरासरी कमाई काढा, सुपरवायझरचा पगार त्याच्या वर ठेवा, आणि मग विचारा. त्याआधी मिळालेला होकार किंवा नकार, दोन्हींवरून त्याच्या क्षमतेबद्दल काहीच ठरवू नका.

आता डिस्पॅचमधला तरुण. तो हुशार असेल, मला शंका नाही. पण तो तुमच्या नजरेत का भरला, ते तपासा. त्याचं टेबल तुमच्या केबिनजवळ आहे, दिवसातून अनेकदा तो तुमच्याशी बोलतो, नीट बोलतो. छोट्या गटांना एखादं काम देऊन पाहणाऱ्या प्रयोगांत वारंवार असं दिसतं की जो जास्त वेळ बोलतो त्यालाच बाकीचे नेता मानतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका संशोधनात बुद्धिमत्ता आणि स्वभावाचे फरक लक्षात घेतल्यावरही बोलण्याच्या वेळेचा हा परिणाम टिकून राहिला. आपल्याकडे त्यात इंग्रजीची भर पडते. जो इंग्रजीत मेल लिहितो तो पुढे जाणारा, असं आपण न ठरवताही ठरवून टाकतो. शिलाईच्या लाइनवर त्या इंग्रजीला दिवसभरात एकदाही काम पडत नाही.

तिथे काम पडतं ते वेगळ्या भाषांचं. तुमच्याकडे शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या निम्म्या बाया घरी तेलुगू बोलत असतील, अक्कलकोटकडून येणाऱ्या कन्नड, काही घरांत उर्दू. नवीन मुलीला दोष समजावून सांगताना मराठीत सुरू करून अर्ध्यावर तेलुगूत शिरणारा, आणि ती हसून मान डोलावेपर्यंत न हलणारा माणूस तुमच्या लाइनवर नक्की कोणीतरी आहे. त्याचं हे कौशल्य कुठल्याच फॉर्मवर भरलं जात नाही. मी असा फॉर्म करतो तेव्हा पहिली ओळ हीच ठेवतो: किती जणांशी त्यांच्या भाषेत कामाचं बोलू शकतो. बी.कॉम.वाल्या मुलाला तेलुगू येत असेल आणि तो लाइनवर उभा राहून ती वापरत असेल, तर ती त्याच्या पदवीइतकीच जमेची बाजू समजा.

आणखी एक चुकीची खूण सोलापुरात फार खोल रुजलेली आहे: "त्याच्या मागे माणसं आहेत." तिचं मूळ गिरण्यांच्या काळात आहे. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, माणसं भरायचा, रजा त्याच्या मर्जीनं मिळायची, बदली कामगाराला पाळी मिळणंही त्याच्याच हातात असायचं. १९३१ साली ब्रिटिश सरकारनं कामगारांच्या स्थितीसाठी नेमलेल्या व्हिटली आयोगानं आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. गिरण्या बंद पडल्या, पण आपल्या गल्लीतली वीस माणसं कामाला लावणारा तो पुढारी, ही समजूत यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि गारमेंटच्या लाइनवर टिकून राहिली. माणसं आणणं ही उपयोगाची गोष्ट आहे, तिची कदर करा. पण त्यानं आणलेली माणसं आणि बाहेरची माणसं यांना तो ओव्हरटाइम, सोपं काम आणि रजा कशी वाटतो, ते महिनाभर बघा. सोपी बंडलं कायम एकाच घरातल्या दोघींकडे जात असतील, तर त्या माणसाच्या हातात लाइन देऊ नका, त्याच्या मागे कितीही माणसं असली तरी.

चेकिंगच्या ताईंवर मी जास्त लिहिणार आहे, कारण अशी नावं आपल्या हातून सगळ्यात जास्त निसटतात. त्यांचं नाव तुमच्या मनात आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतल्या सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनाचा अभ्यास २०२२ च्या सुमारास पुढे आला. त्यात स्त्रियांना कामगिरीचे गुण पुरुषांपेक्षा जास्त मिळाले होते, पण पुढे जाण्याच्या क्षमतेचे गुण कमी. पुढच्या काळात त्याच स्त्रियांनी, क्षमतेचे तेवढेच गुण मिळालेल्या पुरुषांपेक्षा चांगलं काम करून दाखवलं. म्हणजे वरिष्ठांचा अंदाज चुकला होता, आणि तो ठरावीक दिशेनं चुकला होता. आपल्या कारखान्यांत फॉर्मवर गुण नसतात, पण तोच अंदाज मालकाच्या मनात चालतो.

त्यांच्या "मला नको" चा अर्थ त्यांच्याकडूनच समजून घ्या, आणि तो चारचौघांत विचारू नका. कारणं बहुतेक वेळा ठोस असतात. सुपरवायझरला शेवटी थांबून माल मोजावा लागतो, आणि शेवटची रिक्षा त्याआधी जाते. कंपनीचा माल घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्यांशी बोलावं लागतं, आणि घरच्यांना ते रुचत नाही. पुरुष टेलर ऐकतील का, ही धास्ती असते. कधी हिशोबाची वही भरण्याची भीती असते, कारण शाळा सातवीत सुटलेली. यातलं प्रत्येक कारण मालकाच्या हातून सुटणारं आहे: माल मोजायची वेळ तासभर आधी आणता येते, वही भरायला पंधरा दिवस कोणी सोबत बसू शकतं, आणि टेलरांनी ऐकायचं की नाही हे पहिल्या आठवड्यात तुम्ही कोणाच्या बाजूनं उभे राहता त्यावर ठरतं. अडचण काढून टाका आणि पुन्हा विचारा. तरीही नको म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय, त्याचा मान ठेवा.

चेकिंगच्या टेबलावर एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. दोष सापडलेला पीस ताई काय करतात? बाजूला टाकून आकडा लिहिला, तर काम चोख झालं. तो पीस हातात घेऊन त्या ज्या मशिनवरून आला तिथपर्यंत गेल्या, मशिनवरच्या बाईला शांतपणे दाखवला, आणि पुढच्या बंडलात तो दोष कमी झाला, तर तुम्हाला हवा तो पुरावा मिळाला. आणि हे त्या आवाज न चढवता करत असतील, तर लाइनवरच्या बाया चूक लपवायचं सोडून देतात. गणवेशाच्या धंद्यात लपवलेली चूक शाळेत माल उतरल्यावर उघडी पडते, त्यामुळे हा स्वभाव पैशातही मोजता येतो.

वाईट बातमी कोण आणतं, हेही बघा. "साहेब, साइजचं लेबल चुकलंय, दोनशे पीस गेले, मी थांबवलंय" हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं तो माणूस जपा. या वाक्यात तिन्ही गोष्टी आहेत, काय झालं, किती झालं आणि काय केलं. दुसऱ्याची चाडी घेऊन येणारा वेगळा. त्याच्या बोलण्यात नाव आधी येतं आणि उपाय येतच नाही.

आता वर्षाचा आराखडा. आपल्या गावाचं कॅलेंडरच तुम्हाला परीक्षा काढून देतं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत माणसं कमी होणार. तिघांनाही वेगवेगळं बोलावून आपापल्या भागातल्या त्या आठवड्याच्या हजेरीची जबाबदारी द्या: कोण येणार, कोण नाही, कोणाच्या जागी कोण. जो यात्रेच्या दिवशी सकाळी धावपळ करतो आणि जो आठ दिवस आधी प्रत्येकीला विचारून कागदावर मांडणी करतो, त्यांतला फरक तुम्हाला समजावून सांगावा लागणार नाही. कोणाला यात्रेत मान आहे, कोणाच्या घरी त्या दिवशी पाहुणे आहेत, हे लक्षात घेऊन कोणी अदलाबदल जमवली, तेही टिपा.

फेब्रुवारीत प्रत्येकाकडे दोन नवीन हेल्पर शिकायला द्या. महिन्यानंतर शिकवणाऱ्याला काही विचारू नका. हेल्परचं काम बघा, ते टिकले का बघा, आणि त्यांना विचारा, "काही अडलं तर कोणाकडे जाता?" नेमलेल्या माणसाऐवजी दोघंही शेजारच्या तिसऱ्याच कोणाचं नाव घेत असतील, तर त्या तिसऱ्याचं नाव यादीत घाला. तुमच्या यादीत आज तीन नावं आहेत, पण दीडशे माणसांत चौथं-पाचवं नाव तुमच्या नजरेआड असण्याची शक्यता मला दाट वाटते.

मार्च ते जून हा तुमचा खरा हंगाम. शाळा उघडण्याआधी माल पोचला पाहिजे, ऊन चाळिशीच्या पार, पत्र्याखाली माणसं वैतागलेली. या काळात नवीन काही देऊ नका, फक्त बघा. ताण आल्यावर कोणाचा आवाज चढतो, कोण स्वतःच मशिनवर बसून सगळं ओढायला लागतो, आणि कोण पाच मिनिटं थांबून काम नव्यानं वाटून देतो. स्वतः बसून ओढणारा माणूस मेहनती म्हणून सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो. पण सुपरवायझर मशिनवर बसला की लाइनकडे बघणारं कोणी उरत नाही. असं करणाऱ्याला एकदा हे सांगून बघा आणि पुढच्या खेपेला तो काय करतो ते पाहा. सांगितल्यावर बदलतो की नाही, ही माझ्या मते सगळ्यात मोठी खूण आहे, कारण पुढचं पद कोणालाच आधीपासून येत नसतं, ते शिकावंच लागतं.

जुलै-ऑगस्टमध्ये हंगाम उतरतो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवाची सुट्टी होईपर्यंत प्रत्येकाला एक जुनं दुखणं सोडवायला द्या: खिशाची शिलाई वारंवार उसवते, कटिंगमधून बंडलावर चुकीचे नंबर येतात, दुपारी दोरा संपून मशिनं थांबतात, असं काहीतरी. अट एकच, कटिंग, शिलाई आणि स्टोअर अशा दोन-तीन विभागांतली माणसं घेऊन सोडवायचं. सुपरवायझरचं निम्मं आयुष्य दुसऱ्या विभागाच्या, म्हणजे हाताखाली नसलेल्या माणसांना राजी करण्यात जातं, आणि ते या कामात दिसतं. डिस्पॅचच्या मुलाची खरी परीक्षा इथे होईल. त्याला लाइनवर उतरवा. टेबलावर बसून तक्ते करण्यावर समाधान मानू नका.

हे सगळं बघताना तारीख घालून वहीत घटना लिहा. "मनमिळाऊ आहे" असं लिहिलेलं सहा महिन्यांनी काही सांगत नाही. "१२ मार्चला काजाचं मशिन बंद पडलं, तिनं दोन बायांना बटनावर वळवलं" हे सांगतं. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० साली दाखवून दिलं होतं की लष्करातले अधिकारी आपल्या माणसांना गुण देताना एका चांगल्या गोष्टीची छाप बाकी सगळ्यांवर पडू देत होते; देहयष्टी छान तर हुशारीलाही गुण जास्त. आपणही तेच करतो. त्यावर एक साधा उपाय आहे: एका माणसाचे सगळे गुण एकदम भरू नका. आधी "शिकवतो का" या एका मुद्द्यावर सगळ्यांना गुण द्या, दुसऱ्या दिवशी "वाटप निःपक्ष करतो का" यावर. आणि तुमच्यासोबत आणखी दोघांनी स्वतंत्रपणे गुण भरावेत, एक निवृत्त होणारे सुपरवायझर, दुसरे कटिंग मास्टर. एकमेकांचे आकडे आधी दाखवू नका. जिथे फरक मोठा पडेल तिथे बसून बोला, त्या बोलण्यातून माणूस जास्त कळतो.

सप्टेंबरमध्ये प्रत्येकाशी अर्धा तास बोला, सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि त्यांच्या भाषेत. "गेल्या वर्षात तुम्ही कोणाला काय शिकवलंत, ती आता काय करते?" "मला आवडणार नाही अशी कोणती गोष्ट तुम्ही मला सांगितलीत?" "दोघींचं भांडण कसं मिटवलंत?" उत्तरात "मी" किती आणि "आम्ही" किती, यावर जाऊ नका. आपल्याकडची बरीच माणसं स्वतःचं श्रेय सांगायला संकोचतात. घटना खरी आहे का, तपशील भरतो का, तेवढं बघा.

या काळात "तू पुढचा सुपरवायझर" असं कोणालाही सांगू नका, पण लपवाछपवीही करू नका. सगळ्या कारखान्याला सांगा की पुढच्या वर्षी जबाबदाऱ्या वाटायच्या आहेत, आणि इच्छा असेल त्यानं येऊन सांगावं. नाहीतर पंधरा दिवसांत चहाच्या टपरीवर नाव ठरतं आणि बाकीचे दोघं मनानं बाहेर पडतात. ज्यांची निवड होणार नाही त्यांच्याशी तुम्ही स्वतः, नाव जाहीर होण्याआधी बोला. टेलरला बारीक कामाचा वरचा दर आणि नवीन डिझाइनचा पहिला पीस करण्याचा मान द्या, त्या मानाची किंमत कारागिराला कळते.

निवडलेल्या माणसाला सहा महिन्यांची मुदत द्या आणि परत येण्याची वाट उघडी ठेवा: जमलं नाही तर जुनं काम, जुना दर, कमीपणा न लावता. हे लेखी द्या. या एका कागदामुळे ताईंसारखी माणसं हो म्हणायला तयार होतात. पदनाम आणि पगार बदलताना कायद्यातली कामगाराची व्याख्या त्यांना पुढे लागू राहते का, हे तुमच्या कामगार सल्लागाराकडून तपासून घ्या.

एवढं करूनही ऑगस्टअखेर एकही नाव पुढे आलं नाही, तर खुशाल बाहेरून माणूस आणा. पण त्यालाही पहिले दोन महिने दोन हेल्पर शिकवायला द्या.

निवृत्त होणाऱ्या सुपरवायझरना दिवाळीनंतर दोन महिने आठवड्यातून दोन दिवस बोलवा, त्याचं मानधन द्या. मात्र त्यांची खुर्ची तुमच्या केबिनमध्ये ठेवा. ते लाइनवर उभे दिसले तर प्रत्येक जण सवयीनं त्यांच्याकडेच जाईल, आणि नव्या माणसाला पहिला निर्णय घ्यायची वेळच येणार नाही.